सुट्टीच्या दिवशी खांदा काय करतो

जुलैच्या दमट हवेत मुंबईत ४५ मिलिमीटर जाडीचा, क्रोमचा मुलामा दिलेला खांब हातात धरून ठेवणं ही निम्मी लढाई असते. तळवे घामेजतात, दांड्यावर ओल बसते. पोल डान्सच्या वर्गातल्या मुली स्पिरिटच्या फडक्याने खांब पुसतात, हातांना लिक्विड चॉक लावतात, पंख्याखाली तळवे धरतात, आणि तरी पकड निसटते. निसटू नये म्हणून बोटं गरजेपेक्षा जास्त आवळली जातात. तासाभराने कोणाला थकवा जाणवत नाही, उलट अंगात तरतरी असते. त्या जास्तीच्या आवळण्याची खबर लागते ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, तेसुद्धा घरी कुकरचं झाकण लावताना किंवा ओलं फडकं पिळताना. कोपराच्या आतल्या बाजूला एक बारीकशी, बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा तयार झालेली असते.

मुंबई-पुण्याच्या पोल स्टुडिओंत या जागेची ओळख बहुतेकींना आहे. तिचं करायचं काय, हे मात्र फार थोड्याजणींना कोणी शिकवलेलं असतं. कुठल्या क्रमाने काय शिकायचं हे ठरलेलं आहे: आधी साध्या गिरक्या, मग चढणं, मग मांडीच्या पकडीवर बसणं, मग उलटं होणं म्हणजे इन्व्हर्ट, त्यानंतर खांद्यावर भार घेऊन उलटं होण्याचा शोल्डर माउंट, हातांवर उलटा तोल सांभाळण्याची आयेशा. जोडीला स्प्लिट आणि बॅकबेंडचे वेगळे तास. या सगळ्या पाठ्यक्रमात विश्रांतीचा पाठ कुठेही नाही. ती शिकणारीने आपली आपण उरकायची बाब समजली जाते. हा लेख त्या न शिकवलेल्या पाठाबद्दल आहे.

पोल डान्सचं आजचं रूप पाश्चात्य देशांतल्या नाइट क्लबांमधून आलं, आणि ज्या बायकांनी तिथे पोटासाठी नाचताना ही कसरत घडवली त्यांचं श्रेय नाकारायचं काही कारण नाही. नव्वदच्या दशकात उत्तर अमेरिकेत ती व्यायाम म्हणून वर्गांत शिकवली जाऊ लागली. २००९मध्ये आंतरराष्ट्रीय पोल स्पोर्ट्स महासंघ उभा राहिला, २०१७मध्ये जागतिक क्रीडासंघटनांच्या शिखर संस्थेने त्याला निरीक्षक दर्जा दिला. आपल्याकडे ही गोष्ट घरोघरी पोचली ती बरीचशी सिनेमामुळे; २०१७च्या ‘अ जंटलमन’मधल्या गाण्यासाठी जॅकलिन फर्नांडिस पोलवर चढली, तेव्हा चौकशा सुरू झाल्या. आज वर्गात दिसतात त्या बँकेत, आयटीत, जाहिरात कंपनीत नोकरी करणाऱ्या बायका. संध्याकाळी सातचा किंवा आठचा वर्ग. थोडे पुरुषही असतात.

कपड्यांवरून नाक मुरडणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. धातूवर कापड घसरतं, कातडी धरते. मांडी, पोट, काख, कोपराची खोबण यांच्या उघड्या त्वचेवर अख्ख्या शरीराचा भार तोललेला असतो. शिवाजी पार्कच्या मैदानावर मल्लखांबाचा खेळाडू लंगोट किंवा तोकडी चड्डी घालून का उतरतो, हे आपण कधी विचारलं नाही. तिथेही कारण तेच आहे. फरक एवढाच, की लाकूड कातडीला जास्त धरतं म्हणून मल्लखांबाला एरंडेल चोळून घर्षण कमी करतात, आणि धातू निसटतो म्हणून पोलवाल्या चॉक लावून ते वाढवतात. दोघांचं दुखणं मात्र त्याच ठिकाणी येतं: खांदा, मनगट, कोपर, मांडीचा मागचा भाग.

मल्लखांबाच्या घरात खांबावरच्या कसरतीचा विषय अधिक जुना आहे. बाराव्या शतकातल्या, चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख आहे. पेशवाईच्या उत्तरकाळात, दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी त्याला आजचं वळण दिलं. हैदराबादेकडून आलेल्या अली आणि गुलाब या पैलवानांचं आव्हान स्वीकारून त्यांनी तयारीसाठी मुदत मागितली, असं परंपरा सांगते. आव्हान घेतलं आणि तडक उद्याची कुस्ती लावली, असं ती सांगत नाही. २०१९मध्ये याच शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४मध्ये पद्मश्री मिळाली. इतकी जुनी आणि जिवंत परंपरा शेजारी असताना पोल शिकणाऱ्या मराठी मुलीने आपण काहीतरी परकं करतोय असं वाटून घ्यायची गरज नाही.

व्यायाम किती आणि विश्रांती किती, या प्रश्नाला आपल्या जुन्या वैद्यकानेही हात घातला होता. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असं स्पष्ट सांगितलं आहे, तेही बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाला, थंडीत आणि वसंतात. इतर ऋतूंत त्याहून कमी. अतिव्यायामाने होणाऱ्या त्रासांची यादीही तिथे आहे: तहान, क्षय, धाप, थकवा, खोकला, ताप, उलटी. त्याच्या पाठोपाठ अति व्यायाम आणि अति जागरण यांना एकाच दमात घातक ठरवलं आहे. ही जोडी मला फार महत्त्वाची वाटते. वाग्भटाचा विचार आजच्या क्रीडाविज्ञानाशी शब्दशः जुळवण्याचा आटापिटा मी करणार नाही, पण शरीराला किती द्यायचं याचा विचार ते घेऊ किती शकतं यापासून सुरू करायचा, ही दृष्टी त्यात आहे. दमट ऋतूत जोर कमी करा हा सल्ला तर मुंबईच्या जुलैला जसाच्या तसा लागू पडतो.

मग विश्रांतीच्या दिवशी शरीरात नेमकं काय घडतं? नवशिकी मुलगी पहिल्या महिन्या-दीड महिन्यात झपाट्याने ताकदवान होते. त्यातला मोठा वाटा मज्जासंस्थेचा असतो; स्नायू तेच, पण मेंदू त्यांना एकजुटीने हाक मारायला शिकतो. स्नायूंची खरी वाढ त्यानंतर दिसू लागते. आणि स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा, जिला फिजिओ टेंडन म्हणतात, ती या शर्यतीत सगळ्यात मागे असते. तिला रक्तपुरवठा कमी, तिची उलाढाल संथ. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१३मध्ये एक विलक्षण मोजमाप केलं. अणुचाचण्यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्यात वातावरणातला कार्बन-१४ वाढला होता, त्याची खूण त्यांनी माणसांच्या टाचेवरच्या कंडरेत शोधली. कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळपास बदलत नाही, असं त्यांना आढळलं. वयाच्या तिसाव्या वर्षी पोलला हात लावणारी बाई आपल्या किशोरवयात विणल्या गेलेल्या दोरावर लटकत असते. हा दोर पुन्हा नव्याने विणून मिळत नाही. व्यायामाला प्रतिसाद मिळतो, पण तो सावकाश आणि सांभाळून.

डेन्मार्कच्याच अभ्यासकांनी व्यायामानंतरच्या कोलॅजनचा हिशेब मांडला आहे. जोरदार ताण दिल्यावर पहिले २४ ते ३६ तास कंडरेत मोडतोड जास्त आणि बांधणी कमी असते. त्यानंतर पारडं फिरतं आणि साधारण ७२ तासांपर्यंत बांधणी वरचढ राहते. याचा अर्थ, सोमवारी रात्री शोल्डर माउंटचा कसून सराव केला आणि मंगळवारी रात्री पुन्हा तोच, तर दुसरा ताण बरोबर तूट असलेल्या तासांत पडतो. मुलीला बरं वाटत असतं, कारण तिचा स्नायू सावरलेला असतो. स्नायू तयार आहे हा निरोप तिला लगेच मिळतो. कंडरा तयार नाही हा निरोप काही आठवड्यांनी, दुखण्याच्या रूपाने येतो. सुट्टीच्या दिवशी खांदा रिकामा बसलेला नसतो. त्या दिवशी बांधकाम चालू असतं.

वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात जोॲना निकोलस आणि सहकाऱ्यांनी पोल डान्स करणाऱ्यांचा वर्षभर मागोवा घेतला. सर्वात जास्त दुखापती खांद्याला आणि मांडीला होत्या. खांद्याचं समजू शकतं. सगळा भार तिथूनच जातो. मांडीची गोष्ट जास्त विचार करायला लावणारी आहे, कारण ती ताकदीच्या तासात कमी आणि लवचीकतेच्या हट्टात जास्त बिघडते.

स्प्लिट ही पोलच्या जगातली मोठी हौस आहे. फोटोत ती लगेच कळते. जमिनीवर पूर्ण टेकलेली स्प्लिट म्हणजे आपण आता ‘लवचीक’ झालो, अशी खूणगाठ असते. त्यामुळे बरेचजण रोज, कधी दिवसातून दोनदा, दात-ओठ खाऊन ताणत राहतात. यात एक गैरसमज खोलवर बसलेला आहे, की स्ट्रेचिंगने स्नायू रबरासारखा लांब होतो. काही आठवड्यांच्या स्ट्रेचिंगने जे वाढतं त्यातला मोठा भाग ताण सहन करण्याच्या क्षमतेचा असतो, असं वेपलर आणि मॅग्नसन यांनी २०१०मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून मांडलं. मज्जासंस्था ज्या टोकाला आधी ‘पुरे’ म्हणत होती, तिथे ती आता शांत राहते. तिला सुरक्षित वाटलं तरच ती शांत राहते, म्हणून ओढाताण करून ती पटत नाही. दमलेली, कमी झोपलेली, ऑफिसात कोणाशी वाजवून आलेली बाई त्या संध्याकाळी काल जिथवर पोचली होती तिथवरही पोचत नाही, यात नवल नाही. त्या दिवशी जोर लावणं म्हणजे नकार ऐकून न ऐकल्यासारखं करणं आहे.

आणि लागतं तरी किती? एका स्नायूगटाला आठवडाभरात मिळून पाचेक मिनिटांचा स्थिर ताण, तो पाच दिवसांत विभागून दिला, तर चांगली प्रगती होते, असं या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१८मध्ये सांगून गेला. रोजचा तासभर छळ कोणीच मागितलेला नाही. शिवाय पोलवर चढण्याआधी एकेक स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून धरला तर त्याची ताकद काही काळ घटते. म्हणून लांबलचक स्प्लिटचा सराव उलटं लटकण्याच्या आधी नको, नंतर किंवा वेगळ्या दिवशी. व्यायामानंतर अंग दुखू नये म्हणून स्ट्रेचिंग करणाऱ्यांनाही हे माहीत असावं, की त्याने दुसऱ्या दिवशीचं दुखणं फारसं कमी होत नाही. कॉक्रेनच्या आढाव्यात तो फरक जवळपास नगण्य निघाला.

मांडीच्या मागचे स्नायू जिथून निघतात ते हाड म्हणजे आपण कठीण पाटावर बसलो की टोचतं ते. पुढच्या स्प्लिटमध्ये कंबर पुढे झुकते, तिथली कंडरा त्या हाडावर ताणलीही जाते आणि दाबलीही जाते. हेच रोज केलं की त्या जागी चिवट दुखणं सुरू होतं. लोकलच्या बाकावर बसवत नाही, गाडी चालवताना ठसठसतं. मग मुलीला वाटतं स्नायू आखडलाय, आणि ती आणखी ताणते. इथेच ते महिनोन् महिने लांबतं. या दुखण्यात ताणणं थांबवायचं असतं आणि त्या कंडरेला हळूहळू भार द्यायचा असतो: आधी पाठीवर झोपून, गुडघे वाकवून नितंब उचलून धरणं, मग टाचा लांब नेऊन तेच, मग वजन घेऊन. पलंगावर पडून राहण्याने ती कंडरा बरी होत नाही. जे दुखवतं ते बंद आणि जे घडवतं ते चालू, असा हा आराम असतो. ताणताना गुडघ्यामागे किंवा पोटरीत मुंग्या येत असतील, तर ताण स्नायूला नाही, मज्जातंतूला बसतोय; तिथे त्याच क्षणी मागे फिरायचं.

ज्यांना स्प्लिट पहिल्या महिन्यात जमते त्यांच्याबद्दल वर्गात कौतुकाची कुजबुज होते. मला काळजी वाटते ती त्यांची. करंगळी नव्वद अंशांत मागे वाकणं, अंगठा मागे वाकून अग्रबाहूच्या आतल्या बाजूला टेकणं, कोपर-गुडघे उलट दिशेने झुकणं, पाय न वाकवता तळवे जमिनीला टेकणं, अशा नऊ गुणांची बायटन चाचणी आहे. त्यात पाच किंवा अधिक गुण मिळाले तर सांधे जन्मतःच सैल असण्याची शक्यता असते. अशा मुलीला आणखी ताणायची गरज नसते, तिला सांधा सांभाळणारी ताकद लागते. तिचा स्ट्रेचिंगचा तास काढून रबरी पट्ट्यांचा व्यायाम द्या. असं करणारे शिक्षक भेटतात तेव्हा फार बरं वाटतं.

आता झोपेकडे वळू. लॉस एंजेलिसमध्ये शाळकरी खेळाडूंवर झालेल्या, २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याचं प्रमाण १.७ पट निघालं. आपल्याकडे आठचा वर्ग साडेनऊला सुटतो, मग घरी पोचणं, जेवण, भांडी, उद्याचा डबा, फोन. सकाळी साडेपाचला दूधवाला. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा बिनपगारी घरकामात रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. स्टुडिओच्या फळ्यावर ‘रेस्ट डे’ लिहिलेला असतो. त्या दिवशी तिच्या घरी तुंबलेले कपडे असतात, सासूबाईंची डॉक्टरकडची वेळ असते, मुलाचा प्रकल्प असतो. खांद्याने पोल धरला काय आणि पाण्याची कळशी धरली काय, त्याला भार तो भारच. बाईच्या विश्रांतीबद्दल लिहिताना घरातल्या इतरांच्या हातांबद्दल लिहायला लागतं. नवऱ्याने त्या संध्याकाळी स्वयंपाकघर घेतलं तर त्याचा थेट परिणाम तिच्या कंडरेवर होतो, हे मी अक्षरशः म्हणते आहे.

थकव्याचं दुसरं मूळ रक्तात असतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे वर्गातल्या दर दोघींपैकी एकीचा दम लवकर लागण्याचं कारण कदाचित सराव नसेलच. ‘स्टॅमिना कमी पडतोय’ म्हणून ती तास वाढवते, आणि हिमोग्लोबिन तपासणं राहून जातं. ही तपासणी स्वस्त आहे, जवळच्या सरकारी दवाखान्यात होते. पोल सुरू करणाऱ्या प्रत्येकीने ती आधी करून घ्यावी.

खाण्याचंही तसंच. आरशांनी भरलेल्या खोलीत, तोकड्या कपड्यांत, आपलंच वजन उचलायचं असल्यावर ‘थोडी हलकी झाले तर जमेल’ हा विचार शिरतोच. रात्रीचं जेवण ताकावर भागवलं जातं. ऑलिंपिक समितीने २०१४पासून ज्या अवस्थेबद्दल सावध केलं आहे ती हीच: खर्चाच्या मानाने अन्न कमी पडलं की शरीर पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती यांवरचा खर्च आटोपता घेतं. पाळी लांबली किंवा बंद झाली तर ती सवलत समजू नये; डॉक्टरांकडे जाण्याचं ते कारण आहे. वर्गानंतर वरण-भात, उसळ, दही, अंडं, जे घरात असेल ते पोटभर खाणं हा सरावाचाच भाग आहे. मोडतोड भरून काढायला माल कुठून तरी आलाच पाहिजे.

आठवडा कसा लावावा, असं विचारणाऱ्यांना माझं मत सांगते. जोराचे, उलटं होण्याचे पोलचे वर्ग आठवड्याला दोन, फार तर तीन, आणि त्यांच्यामध्ये पूर्ण एक दिवस मोकळा. मोकळ्या दिवशी चालणं, हलकं पोहणं, श्वास लांबवणारी योगासनं चालतील. एक दिवस असा, की त्यात काहीच नाही. दर चौथ्या-पाचव्या आठवड्यात सराव निम्मा: नवी युक्ती नाही, फक्त जुन्या गिरक्या आणि नाच. पोल डान्समधला ‘डान्स’ बऱ्याचजणी त्याच आठवड्यात पहिल्यांदा शिकतात, हा मला दिसलेला सुंदर फायदा. त्वचेलाही हा आठवडा हवा असतो; पिंडऱ्यांवरचे काळेनिळे डाग फिके होतात, तळव्यांच्या घट्ट्यांना भेगा पडत नाहीत. आणि दोन्ही बाजूंनी सराव करावा. उजव्या हाताला जमतं म्हणून तिथेच पाच वेळा चढलं, की एकाच खांद्याचं खातं रिकामं होतं.

कुठलं दुखणं चालवून घ्यायचं आणि कुठलं नाही, हे ओळखता येतं. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, दोन्ही अंगांना, पसरट दुखत असेल तर ते स्नायूचं. दोन-तीन दिवसांत ओसरतं. एका बोटाने दाखवता येणारं, वॉर्मअपनंतर नाहीसं होणारं आणि दुसऱ्या सकाळी कडक होऊन परत येणारं दुखणं कंडरेचं. ते वॉर्मअपने जातं म्हणूनच फसवतं. त्याची कसोटी सकाळी घ्यायची: कालच्यापेक्षा आज सकाळी जास्त असेल, तर कालचा सराव जास्त झाला होता. रात्री झोपमोड करणारं, हाताला बधिरपणा आणणारं, किंवा ‘कट्’ असा आवाज होऊन सुरू झालेलं दुखणं असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञ गाठायचा, कोणा मैत्रिणीची गोळी नाही.

लहान मुलांचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि तो मल्लखांबाच्या आखाड्यांत, जिम्नॅस्टिक्सच्या वर्गांत जास्त उभा राहतो. उंची झपाट्याने वाढण्याच्या वर्षी हाडं स्नायूंच्या पुढे धावतात, कालपर्यंत सहज वाकणारं मूल अचानक ताठर होतं. त्या वर्षी त्याला पाठीवर दाबून बसवणारा प्रशिक्षक त्याच्या हाडांच्या वाढत्या टोकांशी खेळत असतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला सोपा आहे: आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षात एकाच खेळापासून एकूण तीनेक महिने लांब. आठवड्याचे सरावतास मुलाच्या वयाच्या आकड्याहून जास्त नकोत, असंही या क्षेत्रातले डॉक्टर सांगतात. दहा वर्षांच्या मुलाला दहा तास. उन्हाळी सुट्टीतल्या शिबिरांत सकाळ-संध्याकाळ मिळून हा आकडा तीन दिवसांत ओलांडला जातो.

शेवटी पैशाची गोष्ट, कारण विश्रांती बहुतेकदा तिथेच अडते. स्टुडिओची फी आगाऊ असते: आठ किंवा बारा वर्गांचं पॅकेज, मुदत महिन्याची. मुंबईच्या भाड्यात स्टुडिओ चालवणाऱ्यालाही दुसरा इलाज नसतो, हे मान्य. पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उरलेले चार वर्ग बुडू नयेत म्हणून मुली सलग चार दिवस येतात, आणि कंडरेच्या हिशेबाने याहून वाईट आठवडा असू शकत नाही. पॅकेजला दहा दिवसांची वाढीव मुदत द्यावी. पाळीच्या किंवा दुखण्याच्या दिवशी आलेलीला खांबाऐवजी जमिनीवरचा वर्ग करता यावा, आणि तोही मोजला जावा. दुखापतीची चिठ्ठी आणणारीचे पैसे पुढच्या महिन्यात धरावेत. यातली एकही गोष्ट स्टुडिओ बुडवणारी नाही. दुखावून कायमची निघून गेलेली विद्यार्थिनी त्याला जास्त महाग पडते. आणि फी भरणाऱ्यांनी वर्ग निवडताना आरसे आणि दिवे बघण्याआधी हा एक प्रश्न विचारावा: मला आठवडाभर यायचं नसेल, तर तुमच्याकडे काय सोय आहे?